कोपनहेगनची नोंदवही, माहेरची आठवण

कोपनहेगनला जाणारे आपल्याकडचे प्रवासी बहुधा तीन गोष्टी पाहून येतात : समुद्रकाठच्या खडकावर बसलेली जलपरी, न्यूहाव्नच्या कालव्यालगतची रंगीत घरे आणि तिवोली उद्यान. तिन्ही पाहण्याजोग्या आहेत; जलपरी मात्र अपेक्षेपेक्षा बरीच लहान निघते, एवढे सांगून ठेवतो. वाचकहो, आज मी आपल्याला त्या वाटेने नेणार नाही. शहराच्या पश्चिमेला फ्रेडरिक्सबर्ग नावाचा भाग आहे. तो चोहोबाजूंनी कोपनहेगनने वेढलेला आहे, तरीही त्याने आपली स्वतंत्र नगरपालिका राखली आहे. तेथे पेटर बँग्स वाय या रस्त्याच्या तोंडाशी एक जुनी सेवाभावी संस्था आहे. कोणत्याही सहलीच्या यादीत तिचे नाव नसते. पण आपल्या घरात नातवंड येऊ घातले असेल, किंवा ओठ दुभंगलेले एखादे मूल आपल्या नात्यागोत्यात असेल, तर तिची हकिकत आपल्या कामाची आहे.

जूनमध्ये तेथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. मेट्रोतून उतरून वर रस्त्यावर आले की पहिल्यांदा जाणवते ती सायकलींची शांत वर्दळ. सत्तरी ओलांडलेल्या स्त्रिया पुढच्या टोपलीत भाजी-पाव घेऊन ताठ बसून सायकल चालवत जातात, आणि आपल्या गुडघ्यांविषयी आपण उगीचच विचार करू लागतो. संस्थेकडे जाण्यापूर्वी जवळच्या राजउद्यानात अवश्य शिरावे. फ्रेडरिक्सबर्ग हावे असे त्याचे नाव. गर्द झाडी, संथ पाणी, काठावर बगळ्यांच्या जातीचे राखी पक्षी, आणि कुंपणापलीकडच्या प्राणिसंग्रहालयातले हत्ती बागेतूनच दिसतात. या बागेत एक झाड असे आहे की ज्याच्या फांद्यांना शेकडो चोखण्या लटकलेल्या असतात. मूल तीनेक वर्षांचे झाले की आईवडील त्याला येथे आणतात, ते आपली चोखणी झाडाला बांधते आणि तिचा निरोप घेते. काही चोखण्यांना चिठ्ठ्याही बांधलेल्या असतात.

त्या झाडाखाली उभा असताना माझ्यातला डॉक्टर मात्र दुसऱ्याच विचारात होता. चोखणे ही किती अवघड क्रिया आहे! ओठांनी घट्ट वेढा घालायचा, जीभ मागे ओढायची, टाळूने वरची बाजू बंद ठेवायची, तेव्हा कुठे तोंडात पोकळी निर्माण होऊन दूध ओढले जाते. टाळूला फट असलेल्या बाळाला हे जमतच नाही. ते भुकेने तडफडते, स्तनाला लागते, थकते, आणि दूध नाकावाटे बाहेर येते. शस्त्रक्रिया नव्हत्या त्या काळात अशी कितीतरी बाळे केवळ उपासमारीने गेली. आपल्यापैकी वयाने मोठ्या असलेल्यांनी लहानपणी घरात एखादे वाक्य ऐकले असेल : ‘मधला एक होता, पण तो दूधच प्यायला नाही, बारशाआधीच गेला.’ अशा मृत्यूंची कारणे अनेक असतात, प्रत्येक वेळी टाळूच कारणीभूत असते असे नाही. पण काही वेळा ती असते, आणि त्या बाळाबरोबर एक महत्त्वाची माहितीही मातीआड जाते.

आता संस्थेकडे वळू. ‘डायकोनेस’ म्हणजे प्रॉटेस्टंट पंथातील, रुग्णसेवेचे व्रत घेतलेल्या भगिनी. त्यांची ही संस्था १८६३मध्ये स्थापन झाली आणि पुढे फ्रेडरिक्सबर्गमध्ये स्थिरावली. स्वतःचे प्रार्थनामंदिर, बाग, झाडांखालची बाके असा तिचा परिसर आहे. आज तेथे वृद्धांची शुश्रूषा होते, अखेरच्या दिवसांतील रुग्णांसाठी हॉस्पिस आहे, परिचर्येचे शिक्षण दिले जाते. विसाव्या शतकातील कित्येक दशके मात्र तिच्या रुग्णालयाची ओळख वेगळी होती. डेन्मार्कमधील दुभंगलेल्या ओठांच्या आणि टाळूच्या शस्त्रक्रिया येथे एकवटल्या होत्या.

एकाच ठिकाणी सगळे रुग्ण येऊ लागले की एक लाभ आपोआप होतो : मोजता येते. पौल फोग-अँडरसन या तरुण शल्यविशारदाने ते मनावर घेतले. येथील ७००हून अधिक रुग्णांच्या कुटुंबांची त्याने माहिती गोळा केली. कोणाच्या भावाला होते, कोणाच्या आत्याला, कोणाच्या चुलत आजोबांना. १९४२मध्ये, देश जर्मन अंमलाखाली असताना, त्याने हा प्रबंध सादर केला. त्यातून निघालेला एक निष्कर्ष आजही आनुवंशिकीच्या पाठ्यपुस्तकांचा पाया आहे. ओठ दुभंगणे, मग त्यासोबत टाळू दुभंगलेली असो वा नसो, हा एक प्रकार. आणि ओठ शाबूत असून केवळ टाळू दुभंगणे हा निराळाच प्रकार. पहिल्या प्रकारच्या कुटुंबांत पहिलाच प्रकार पुन्हा दिसतो, दुसऱ्याच्या कुटुंबांत दुसरा. पहिला मुलग्यांत जास्त, दुसरा मुलींत जास्त. दोन्हींची वंशपरंपरा वेगवेगळी असते, हे त्याने नातलगांच्या याद्यांवरून ओळखले. त्या वेळी जनुकाची रचनाही कोणाला ठाऊक नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते. त्याचे साधन एकच होते, वडीलधाऱ्यांची स्मरणशक्ती.

डॅनिश भाषेत या व्यंगाचा जुना शब्द आहे ‘हारेस्कोर’, म्हणजे सशाची चीर. सशाचा वरचा ओठ मध्ये चिरलेला असतो, त्यावरून तो आला. हा शब्द केवळ उपमा राहिला नाही. गरोदर स्त्रीच्या समोरून ससा गेला तर बाळाचा ओठ फाटतो, अशी समजूत युरोपच्या उत्तर भागात पिढ्यान्‌पिढ्या होती. म्हणजे बाळ जन्मले की आईला विचारायचे, ‘तू कोठे गेली होतीस? काय पाहिलेस?’ अटलांटिकपलीकडे मेक्सिकोत जुन्या अ‍ॅझटेक लोकांचा समज असा, की चंद्रग्रहणाने ओठ फाटतो. म्हणून गर्भवतीने काळ्या ज्वालाकाचाचे पाते पोटाशी बाळगावे. आणि आपल्याकडे? ग्रहणात गर्भवतीने विळी-सुरीला हात लावू नये, नाहीतर बाळाचा ओठ कापला जातो! ग्रहण तेच, पण एका देशात पाते जवळ ठेवल्याने रक्षण होते आणि दुसऱ्या देशात तेच हाती धरल्याने अनर्थ. दोन्ही नियम एकदम खरे असू शकत नाहीत, एवढे तर आपण मान्य कराल. दोन्हींत समान आहे ती एकच गोष्ट : उत्तर द्यायला उभी केली जाते ती आई.

येथे मला आपल्याशी जरा स्पष्ट बोलायचे आहे. वरचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. टाळू त्याच्या मागोमाग, साधारण सहाव्या ते नवव्या आठवड्यात मिटू लागते. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी मांसल उंचवटे वाढत येतात आणि मध्यरेषेजवळ एकमेकांना मिळतात. आपल्या वरच्या ओठावर नाकाखाली जी पन्हळ आहे, तिच्या दोन कडा म्हणजे त्या जुळणीची खूण. हे सगळे घडते तेव्हा पुष्कळ स्त्रियांना आपल्याला दिवस गेले आहेत हे नुकतेच कळलेले असते. काहींना कळलेलेही नसते. घरात बातमी फुटते तिसऱ्या महिन्यानंतर, डोहाळजेवण होते सातव्यात. ग्रहणाचे सोवळे जिच्यावर घातले जाते तिच्या बाळाचा ओठ तोवर कधीच जुळलेला असतो, किंवा न जुळता राहिलेला असतो. सहाव्या महिन्यात चिरलेल्या भाजीने सातव्या आठवड्यातली शिवण उसवत नाही.

मग ती शिवण सुटते कशाने? याचे पुष्कळसे उत्तर डेन्मार्कनेच दिले आहे. कोपनहेगनहून आगगाडीने सुमारे सव्वा तास पश्चिमेला गेले, समुद्राची एक रुंद सामुद्रधुनी आधी बोगद्यातून आणि मग पुलावरून ओलांडली, की ओडेन्से हे गाव येते. परीकथाकार हान्स अँडरसनचे हे जन्मगाव. त्याचे पिवळे कौलारू घर पाहायला गर्दी असते. याच गावात १९५४मध्ये सुरू झालेली देशव्यापी जुळ्यांची नोंदवही सांभाळली जाते. तिच्यात १८७०पासून जन्मलेल्या जुळ्यांची नोंद आहे. दुभंगलेल्या ओठांच्या नोंदींशी ती ताडून पाहिली तेव्हा असे दिसले : हुबेहूब सारख्या जुळ्यांपैकी एकाचा ओठ दुभंगलेला असेल, तर दुसऱ्याचाही तसा असण्याचे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. वेगवेगळ्या चेहऱ्याच्या जुळ्यांत मात्र ते शंभरात आठांच्या आसपास. दोन्ही जोड्या एकाच गर्भाशयात, एकाच आईच्या अन्नावर, एकाच ऋतूत वाढलेल्या. फरक जनुकांचाच. पण ती दुसरी बाजूही पाहा. जनुके तंतोतंत सारखी असूनही निम्म्या जोड्यांत एक भावंड पूर्ण सुटले. म्हणजे जनुके सर्वस्वी ठरवत नाहीत. आणखी काहीतरी असते, आणि त्यात नुसत्या योगायोगाचाही वाटा असतो.

काही थोड्या कुटुंबांत एकच जनुक बिघडलेले असते आणि त्याचा माग सरळ दिसतो. व्हॅन डर वूड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात खालच्या ओठावर मध्याच्या दोन्ही बाजूंना बारीक खळगे असतात. त्याला कारणीभूत असलेले आयआरएफ-६ हे जनुक २००२मध्ये सापडले. असे खळगे असणाऱ्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात ते जनुक जाण्याची शक्यता निम्मी असते. आणि गंमत अशी, की एखाद्याला केवळ खळगेच असतात, ओठ मुळीच दुभंगलेला नसतो, पण त्याच्या मुलाचा दुभंगतो. आजोबांच्या खालच्या ओठावरचे दोन ठिपके कोणी कधी आजार म्हणून पाहिलेले नसतात.

बहुसंख्य बाळांत मात्र असे एकच जनुक दाखवता येत नाही. अनेक जनुकांतील बारीकसारीक फरक, थोडे आईकडून, थोडे वडिलांकडून, एकत्र येतात. प्रत्येकाचा भार नगण्य. सगळे मिळून माप शिगेला आले आणि त्यात बाहेरच्या कारणाची एक मूठ पडली, तर जुळणी वेळेत होत नाही. म्हणून ‘कोणाकडून आले?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा ‘दोन्हीकडून, आणि दोघांनाही न कळत’ असे असते. आते-मामे भावंडांत लग्ने होणाऱ्या घराण्यांत दोन्ही बाजूंची मापे सारख्याच धान्याने भरलेली असतात, त्यामुळे धोका काहीसा वाढलेला अनेक पाहण्यांत आढळतो.

आकडा सांगतो, कारण भीती आकड्याअभावी वाढते. जगात साधारण ७०० बाळांमागे एकाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. डेन्मार्कमध्ये प्रमाण याहून थोडे अधिक आहे. तेथे १९५२ ते २००५ या काळात जन्मलेल्या ६,०००हून अधिक रुग्णांच्या ५४,०००वर नातलगांची पाहणी झाली. ओठ दुभंगलेल्या व्यक्तीची सख्खी भावंडे, मुले, आईवडील यांच्यात हे व्यंग शंभरात सुमारे साडेतीन जणांना होते. काका, मावशी, पुतणे, नातवंडे या टप्प्यावर ते शंभरात एकाच्याही खाली आले. म्हणजे पहिले बाळ असे जन्मले तरी दुसऱ्याच्या बाबतीत शंभरातील छप्पन्न-सत्तावन्न नव्हे, शहाण्णव वेळा चिंता व्यर्थ ठरते. दुसरे मूल नको म्हणून हटून बसलेल्या घरांना मी हा आकडा कागदावर लिहून देतो.

आता तुलना करतो ती जरा कडू आहे. डेन्मार्कमध्ये हे सगळे कळू शकले, कारण तेथे लिहिले गेले. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत कितीतरी घराण्यांच्या पिढ्या नोंदलेल्या सापडतात, पण त्या वंशावळीत आजाराला जागा नसते, आणि लेकींना फारच थोडी. जे लिहिलेले नाही ते आपल्या डोक्यात असते. आणि डोक्यातले आपण सांगत नाही.

माझ्या दवाखान्यात काही वर्षांपूर्वी एक आजी, सून आणि पाच आठवड्यांचे बाळ आले होते. बाळाचा ओठ डावीकडे नाकपुडीपर्यंत दुभंगलेला. मी काही विचारण्यापूर्वीच आजी म्हणाल्या, “ग्रहणात भाजी चिरली हो हिनं. मी सांगत होते.” सून फरशीकडे पाहत राहिली. ग्रहण कोणत्या महिन्यात होते ते मी विचारले, आठवड्यांचा हिशेब दोघींना समजावून सांगितला. आजी काही बोलल्या नाहीत. तीन दिवसांनी त्या एकट्याच आल्या. रक्तदाब तपासून घेतला, गोळ्यांची चिठ्ठी घेतली, आणि दाराशी गेलेल्या परत वळल्या. “डॉक्टर, माझ्या पाठच्या भावाला असंच होतं. आई त्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजायची. दोन महिने जगला. माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं शपथ घातली, सासरी बोलायचं नाही म्हणून. यांनाही मी कधी सांगितलं नाही.”

त्या पन्नास वर्षे गप्प राहिल्या होत्या. त्या मामाचा वारसा या बाळात काही अंशी असेल, कदाचित नसेलही. नाते इतके दूरचे आहे की ठामपणे सांगता येत नाही. सुनेवरचा ठपका उचलून सासूवर ठेवण्यात तर काहीच अर्थ नव्हता. मी त्यांना एवढेच विचारले, की हे तुम्ही घरात सांगाल का. त्यांनी ते सुनेला सांगितले, स्वयंपाकघरात, दोघीच असताना. हे मला सुनेकडून कळले. पुढच्या वेळी बाळाला मांडीवर घेऊन आजीच आत आल्या.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरात लग्न झालेली मुले असतील तर त्यांना सांगण्याजोगे काय आहे ते आठवून पाहा. माहेरचे आणि सासरचे, दोन्हीकडचे. कोणाच्या वरच्या ओठावर जन्मापासूनचा वळ होता का? कोणी नाकात बोलत असे का? कोणाची पडजीभ दुभंगलेली, कोणाच्या खालच्या ओठावर खळगे? दूध ओढू न शकल्यामुळे गेलेले बाळ? टाळूच्या व्यंगासोबत हृदयाचाही दोष असलेले कोणी? ही माहिती घेऊन मुलगा-सून, लेक-जावई गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांकडे गेले तर पुष्कळ काही करता येते. फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भ राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून सुरू करावी. मेरुरज्जूचे व्यंग तिने टळते हे सिद्ध आहे, ओठांच्या बाबतीत पुरावा तितका पक्का नाही, पण गोळी तशीही घ्यायचीच आहे. आधी असे बाळ झाले असेल तर मात्रा किती, हे डॉक्टरांनी ठरवावे. फेफऱ्याची काही औषधे, विशेषतः व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट, धोका वाढवतात. ती मनाने बंद करू नयेत, झटका येणे आईला आणि गर्भाला दोघांनाही घातक असते. गर्भधारणेपूर्वी बदलून घ्यावीत. मधुमेह आटोक्यात हवा. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर तो धूर सुनेच्या पोटातही जातो. आणि मिश्री! ती तंबाखूच आहे. पुष्कळ घरांत सासूच्या डबीतून ती सुनेच्या बोटावर जाते. ही एक परंपरा तेवढी आपल्याच हातांनी मोडावी.

बाळ जन्मलेच तर पहिले काम दुधाचे. अंगावर ओढता येत नसेल तर आईचे दूध काढून बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने, बाळाला जवळजवळ बसते धरून, थोडे थोडे पाजावे, मध्ये मध्ये ढेकर काढावी. हे धीराचे काम घरातल्या अनुभवी बाईइतके कोणालाच जमत नाही. बाळंतीण थकलेली असते. दर आठवड्याला वजन करावे, कारण शस्त्रक्रिया वजनावर अवलंबून असते. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत, टाळूची नऊ ते अठरा महिन्यांत होते. बोलणे शिकण्यापूर्वी टाळू मिटली तर उच्चार पुष्कळ सुधारतात. तरी वाचा-उपचार आणि कानांची तपासणी सोडू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे व्यंग समाविष्ट आहे, त्यामुळे जिल्हा रुग्णालयात चौकशी केल्यास मोफत उपचारांची वाट मिळते.

२ ऑगस्ट २०२७ रोजी सूर्यग्रहण आहे. आपल्याकडून ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल, श्रावणाआधीच्या ढगांनी दिसू दिले तर. त्या दिवशी घरात गर्भवती असेल तर तिला वेळेवर जेवू घालावे, पाणी पिऊ द्यावे, गोळ्या चुकवू देऊ नयेत. सूर्याकडे मात्र उघड्या डोळ्यांनी कोणीच पाहू नये.